पॉवर प्ले कसा बसवावा: शॉट नंतर, आधी ब्लू लाइन

समोरच्या टीमचा एक खेळाडू पेनल्टी बॉक्समध्ये जाऊन बसला, की गॅलरीत पालकांचा एकच घोष सुरू होतो: ‘शूट!’ पक (खेळातली रबरी चकती) अजून आपल्याच गोलीच्या मागे असतो, मुलं अजून कुणी कुठे उभं राहायचं ते आठवत असतात, पण घोष चालूच. आइस हॉकीतल्या पॉवर प्लेबद्दल मिळणारा निम्मा सल्ला या एका शब्दाचाच विस्तार असतो, आणि तो जवळजवळ सगळा निरुपयोगी आहे.

मी कॅनडातल्या मिसिसॉगात हौशी मुलांच्या टीमला गेली अकरा वर्षं शिकवतोय, आणि रविवारी रात्री मोठ्यांच्या लीगमध्ये स्वतःही धडपडतो. स्केटिंग वयाच्या छत्तिसाव्या वर्षी शिकलो. त्यामुळे मनगटातून शॉट कसा सोडावा हे कुणाला सांगायचा अधिकार मला नाही. पॉवर प्ले मात्र बरेच बसवलेत, गणेशोत्सवात नाटुकलं बसवावं तसे, आणि बरेच पाडलेतही.

क्रिकेटमधला पॉवर प्ले डोक्यात असेल तर तो आधी बाजूला ठेवा. इथे समोरचा एक जण शिक्षा म्हणून बाहेर बसला की सरळ पाचास चार, दोन मिनिटं. गोल झाला की शिक्षा भोगणारा बाहेर येतो आणि संधी तिथेच संपते. पूर्वी असं नव्हतं, पुरी दोन मिनिटं बसावंच लागायचं. 5 नोव्हेंबर 1955 ला माँट्रियलच्या जाँ बेलिव्होने बोस्टनविरुद्ध पॉवर प्लेवर 44 सेकंदांत तीन गोल ठोकले, आणि 1956-57 च्या हंगामापासून एनएचएलने, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगने, नियम बदलला. आणखी एक आकडा पालकांसाठी: एनएचएलची साधारण टीम पाच संधींतली एक साधते. आजवरचा सगळ्यात भारी हंगाम एडमंटन ऑइलर्सचा, 2022-23 चा, तो 32.4 टक्क्यांचा. म्हणजे मॅकडेव्हिड आणि ड्रायसायटल हे त्यांचे दोन्ही हुकमी एक्के एकाच वेळी बर्फावर असूनही तीनातल्या दोन संधी वायाच गेल्या. तेव्हा तुमच्या चिरंजीवांची एक हुकली म्हणून गाडीत तोंड पाडून बसू नका.

पाच जण निवडणं

‘आपले सगळ्यात चांगले पाच’ हे उत्तर चुकीचं आहे. स्टिक कोण कुठल्या बाजूने धरतो, ते आधी बघा. एनएचएलमधला अलेक्झांडर ओवेच्किन उजव्या बाजूने मारतो आणि उभा राहतो समोरच्या गोलजवळ बर्फावर आखलेल्या डाव्या वर्तुळात. ड्रायसायटल डावा, तो उजवीकडे. कारण साधं आहे: असं उभं राहिलं की स्टिकचं पातं मैदानाच्या मधल्या बाजूला येतं, आणि पलीकडून आलेला पास न थांबवता तसाच हाणता येतो. उलट उभं राहिलं की आधी पक अंगावरून पलीकडे घ्यायचा, मग मारायचा. तेवढ्यात गोली जागेवर पोचलेला असतो. 6 एप्रिल 2025 ला ओवेच्किनने 895 वा गोल करून एनएचएलमधल्या सर्वाधिक गोलांच्या विक्रमात ग्रेट्झकीला मागे टाकलं, तो गोलही पॉवर प्लेवरचा, त्याच डाव्या वर्तुळातून. सगळ्या जगाला माहीत होतं तो कुठून मारणार ते.

मुलाला ‘तू कुठल्या हाताने लिहितोस’ हे विचारू नका. कॅनडात उजव्या हाताने लिहिणारी कितीतरी पोरं स्टिक डावी धरतात. हातात स्टिक देऊन बघा, लगेच कळतं. आपल्याकडून नवीन आलेल्या आणि क्रिकेट खेळलेल्या मुलांची पकड बहुतेक वेळा बॅटसारखीच निघते.

चार फॉरवर्ड आणि एकच डिफेन्समन ठेवा. धोका आहे, तो घ्या.

फेसऑफ

खेळ पुन्हा सुरू करताना पंच दोघांच्या मधे पक टाकतो, तो फेसऑफ. पेनल्टीनंतरचा पहिला त्यांच्याच गोलजवळ होतो. जिंकलात तर आयतं ताट. हरलात तर पुढचा सगळा भाग तुमच्यासाठीच आहे.

ब्लू लाइन ओलांडणं

प्रत्येक टीमच्या झोनची हद्द दाखवणारी निळी रेघ म्हणजे ब्लू लाइन. त्यांची ओलांडताना घोडं पेंड खातं. एक खेळाडू कमी असलेल्या टीमला पक थेट दुसऱ्या टोकाला भिरकावायची मुभा असते, त्यांना आइसिंग (मधल्या लाल रेघेच्या अलीकडून पक थेट दुसऱ्या टोकाला टाकण्याची चूक) लागत नाही. त्यामुळे पक मिळाला रे मिळाला की ते भिरकावणारच. आता तो तुमच्या गोलीमागे पडलाय. दोनशे फुटांच्या रिंकमध्ये तिथून तो परत न्यायचा आहे, ताब्यात ठेवून, आणि समोर त्यांचे चार जण ब्लू लाइनवर वाट अडवून उभे आहेत.

पहिली दोन वर्षं मी हा भाग सरावात घेतलाच नाही. थेट त्यांच्या झोनमध्ये शंकू मांडायचे आणि पास, पास, पास, शॉट. सकाळी सहाच्या बर्फावर ती नक्षी फार सुंदर दिसायची. मग एका शनिवारी बायकोने गॅलरीत बसून मोबाइलवर वेळ मोजली. आमच्या दोन मिनिटांपैकी एक मिनिट बारा सेकंद पक परत आणण्यात आणि ब्लू लाइनवर घालवून बसण्यात गेले होते. घरी आल्यावर चहा ओतता ओतता एवढंच म्हणाली, ‘तुमच्या त्या नक्षीची वेळच येत नाहीये.’

मग मी तेच केलं जे सगळे करतात. टीव्हीवर बघून ड्रॉप पास उचलला. एक जण पक घेऊन वेगात निघतो, मधल्या पट्ट्यात आला की पक मागे सोडतो, आणि पाठून त्याहून वेगात येणारा दुसरा तो उचलून आत शिरतो. कागदावर छान. आमच्या पहिल्याच सामन्यात पोराने पक मागे सोडला, तिथे आमचं कुणीच नव्हतं, आणि त्यांच्या सेंटरने तो उचलून आमच्याच गोलीवर एकट्याने जाऊन गोल केला. पाचास चार असताना! पोरगं बेंचवर येऊन हेल्मेट न काढता रडत बसलं. चूक त्याची नव्हती. मी त्याला पक कुठे सोडायचा ते सांगितलं होतं, पाठीमागच्याने कधी निघायचं ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून घासून घासून जे हाती लागलं, ते असं.

मागचा खेळाडू आधी ठरवा, पुढचा नंतर. पुढचा आपली ब्लू लाइन ओलांडत असेल तेव्हा मागचा आपल्याच गोलीपुढच्या फेसऑफ वर्तुळांच्या वरच्या कडेला हवा, आणि पूर्ण वेगात. तिथे उभा राहून ‘आता निघू का’ असा विचार करत असेल तर ड्रॉप करूच नका, पुढच्याने पक तसाच न्यावा. या खेळाचा सगळा फायदा वेगातल्या फरकात आहे. त्यांचे चार जण जवळजवळ थांबलेले असतात आणि आपला माणूस सुसाट येतो. तो फरक नसेल तर तुम्ही पक विनाकारण मागे पाठवलात, बाकी काही नाही.

पक मागे ढकलायचा नाही, सोडायचा. पुस्तक टेबलावर ठेवून पुढे जावं तसा. मागे ढकललेला पक येणाऱ्याच्या स्केटमध्ये जातो आणि तो खाली बघायला लागतो. ब्लू लाइनजवळ खाली बघणाऱ्या माणसाचं काय होतं ते ज्याने छातीवर धक्का खाल्लाय त्याला विचारा.

सोडणाऱ्याने थांबायचं नाही. हे मुलांना पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पक गेला की आपलं काम संपलं असं त्यांना वाटतं. शेवटी खो-खोची आठवण झाली. आमच्या टीममधल्या दोघा मराठी मुलांना आधी समजलं, त्यांनी बाकीच्यांना समजावलं. खो-खोत खो देणारा उठलेल्याच्या जागी बसतो. इथे खो द्यायचा आणि बसायचं नाही, उलट समोरच्या बचावात घुसत राहायचं. त्याच्यामुळे त्यांचे दोघे मागे सरकतात, आणि ती सरकलेली सहा-सात फूट जागाच पाठून येणाऱ्याला मिळते.

दोन्ही कडेच्या मुलांनी ब्लू लाइनवर पुतळ्यासारखं उभं राहायचं नाही. एक स्केट रेघेवर ठेवून रेघेच्याच दिशेने सरकत राहायचं. पकाच्या आधी दोन्ही स्केट आत गेले की ऑफसाइड, आणि सगळी वरात परत बाहेर.

आता ज्याच्याकडे पक आहे त्याने मधल्या लाल रेघेवर निर्णय घ्यायचा. ब्लू लाइनवर पोचल्यावर नाही, तोवर उशीर झालेला असतो. त्यांचे चौघे मधे दाटीने असतील तर कडेच्या मुलाला पास. कडेला पांगले असतील तर मधून स्वतः. चौघे एका रांगेत घट्ट उभे असतील तर पक त्यांच्या मागच्या कोपऱ्यात सोडायचा आणि दोघांनी धावायचं. पण लाल रेघ ओलांडल्यावरच, कारण आइसिंगची माफी त्यांना आहे, तुम्हाला नाही. पक असा आत टाकणं म्हणजे भेकडपणा, असं मोठ्यांच्या लीगमधले आमचे काही दिग्गज मानतात. ते रेघेवर तिघांना चकवायला जातात आणि मग दोनशे फूट मागे धावतात. माझ्या टीममध्ये नियम आहे: ब्लू लाइनच्या तीन फूट अलीकडे आणि तीन फूट पलीकडे कलाकारी बंद.

अकरा-बारा वर्षांखालच्या मुलांना ड्रॉप पास शिकवूच नका. चांगलं स्केटिंग करणाऱ्या एकाने पक न्यावा, बाकीच्यांनी त्याच्यासोबत राहावं. आणि सराव शंकूंसमोर नाही, चार खऱ्या मुलांसमोर. शंकू स्टिक घालत नाही. मी आता पॉवर प्लेसाठी अर्धा तास मिळाला तर वीस मिनिटं फक्त आत शिरण्यावर घालवतो. ‘शॉटचा सराव कधी घेणार’ म्हणून पालक विचारतात. विचारू देत.

आत गेल्यावर

मसाल्याचा डबा घ्या. सातातल्या दोन वाट्या काढा, उरलेल्या जरा सरकवा: एक वर, एक खाली, एक डावीकडे, एक उजवीकडे आणि एक मधोमध. झाली एक-तीन-एकची रचना. मी मुलांना ही अशीच शिकवली, आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, आणि आजही आमचा मधला खेळाडू स्वतःला ‘हळद’ म्हणवतो. वरचा ब्लू लाइनजवळ राहून पक खेळवतो. खालचा गोलीच्या नाकासमोर उभा राहून त्याला काही दिसू देत नाही. डावा-उजवा मारणारे. हळदीच्या वाटेला पक फारसा येत नाही, पण त्यांचे चौघेही तिला सोडून बाहेर जायला धजत नाहीत. हे काम हट्टी मुलाला द्या, ज्याला टाळ्यांची गरज नाही.

शॉट

स्थिर उभ्या गोलीला दिसणारा शॉट तो अडवतो. त्यामुळे आधी त्याला एका बाजूकडून दुसरीकडे सरकवा. त्यांच्या चौघांच्या मधून आडवा पास गेला की गोलीला अख्खी गोलपोस्ट ओलांडावी लागते, आणि सरकताना त्याचे पाय उघडतात. तो पास आला की न थांबवता मारा. आडवा पास निघत नसेल तर समोर गर्दी करून वरून खाली, जमिनीलगत मारा. बाकी शॉटमध्ये माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

सुटा पक

अडलेल्या शॉटनंतर पक कोपऱ्यात जातो. तिथे दोघे पाठवा. पाच असताना एकास एक भांडायला पाठवणं म्हणजे जास्तीचा माणूस वाया घालवणं.

बदली

साधारण एका मिनिटाने दुसरे पाच उतरवा, पण पक बाहेर गेलेला असतानाच. एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही: दुसऱ्या पिरियडमध्ये बाजू बदललेल्या असतात, त्यामुळे त्यांचं बेंच त्यांच्या झोनपासून लांब पडतं. आत अडकलेल्या चौघांना बदलायला जाताच येत नाही. तेव्हा शॉटची घाई करू नका. पक फिरवत राहा, चाळीस सेकंदांनी त्यांच्या स्टिक गुडघ्यावर टेकायला लागतात. मग आडवा पास आपोआप मोकळा होतो.

शेवटची दहा सेकंदं

पेनल्टी बॉक्सचं दार उघडलं की तो खेळाडू ताज्या पायांनी बाहेर येतो, आणि बऱ्याचदा तुमच्या सगळ्यांच्या पाठीमागे. त्यांच्या एका लांब पासात तो एकटा तुमच्या गोलीसमोर. आपल्या गोलीने स्टिक बर्फावर आपटून इशारा द्यायची पद्धत आहे, पण बहुतेक गोली दार उघडल्यावर आपटतात. आमच्या गोलीला मी घड्याळाकडे बघून दहा सेकंद आधीच सुरू करायला सांगितलंय. तो आवाज आला की वरचा खेळाडू पकाची पर्वा न करता मागे सरकतो, समोर कितीही मोकळी संधी दिसत असली तरी.