म्यूटचं बटण दाबलं तरी आवाज जातोच? आधी कुठला नळ बंद केलात ते बघा

दुपारी बाराची मीटिंग, गुगल मीटवर. स्वयंपाकघरात कुकर चढवलेला. त्याच्या फुसफुसण्यावरून कळलं की आता शिट्टी होणार, म्हणून मी टेबलावरचं, लॅपटॉपला यूएसबीने जोडलेलं म्यूटचं गोल बटण दाबलं. शिट्टी झाली आणि पलीकडून कुणीतरी विचारलं, "वरण की बटाटे?" म्हणजे म्यूट झालंच नव्हतं. दोन दिवसांनी आणखी एक गोष्ट लक्षात आली. मीटिंगच्या वेळी समोर एक्सेलची शीट उघडी होती, आणि तिच्यातल्या एका घरात वरच्या घरातला आकडा जसाच्या तसा उतरला होता.

बटण बिघडलं नव्हतं. ते कंट्रोल + डी पाठवत होतं, आणि तेच त्याचं काम. मीटमध्ये कंट्रोल + डी म्हणजे माइक बंद-चालू. एक्सेलमध्ये कंट्रोल + डी म्हणजे वरचं खाली भर. मी आकडा बघायला एक्सेलमध्ये क्लिक केलं होतं, त्यामुळे हुकूम एक्सेलला गेला. क्रोममध्येच दुसऱ्या टॅबवर असतो तर ते पान बुकमार्क करायची खिडकी उघडली असती. आपण कधीच न साठवलेली पानं तुमच्या बुकमार्कमध्ये दिसत असतील आणि टेबलावर असलं बटण असेल, तर कारण कळलं असेलच.

तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर काढू नका आणि नवीन बटणाची ऑर्डरही टाकू नका. आधी हे बटण नक्की काय बंद करतंय, ते शोधायचं.

आवाजाच्या वाटेवरचे तीन नळ

बेसिनला पाणी येत नसेल तर आपण काय करतो? नळ बघतो, मग बाथरूममधला कॉक, मग गच्चीवर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह. आवाजाचंही तसंच आहे. पहिला नळ माइकवर किंवा हेडसेटच्या वायरवर असतो. दुसरा विंडोज किंवा मॅकमध्ये. तिसरा झूम, मीट, टीम्स अशा अ‍ॅपमध्ये. बंद करायला कुठलाही एक पुरतो, पण आवाज जायला तिन्ही उघडे लागतात. आणि मुख्य अडचण अशी की एका नळाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. हेडसेटवर म्यूट केलंत तरी अ‍ॅपमधला माइक खुशाल उघडा दिसतो. मग तुम्ही बोलत राहता आणि समोरचे खुणा करत राहतात.

पायरी १: एकट्याने मीटिंग घ्या

स्वतःच एक मीटिंग सुरू करा, तीच लिंक फोनवर उघडा आणि फोन दुसऱ्या खोलीत घरातल्या कुणाच्या तरी हातात द्या. दोन्ही एकाच टेबलावर ठेवलेत तर आवाज घुमून कर्कश किंचाळी निघेल. लॅपटॉपवर मीटिंगच्या शेजारी आवाजाचं पान उघडून ठेवा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग साउंड. मॅकमध्ये सिस्टिम सेटिंग्जमधलं साउंड, त्यात इनपुट. बोललं की तिथली लेव्हलची पट्टी हलते.

आता मोठ्याने एक ते वीस आकडे म्हणा आणि दहाला बटण दाबा. "हॅलो हॅलो" नको, आकडेच म्हणा. पलीकडच्याला "अकरापासून ऐकू आलं नाही" असं नेमकं सांगता येतं. तीन गोष्टी बघायच्या: अ‍ॅपमधलं माइकचं चिन्ह बदललं का, पट्टी थांबली का, आणि पलीकडे आवाज गेला का.

चिन्ह बदललं तर बटण अ‍ॅपशी बोलतंय. चिन्ह तसंच, पण पट्टी थांबली आणि पलीकडे आवाजही पोचला नाही, तर बटण माइकवरच किंवा सिस्टिममध्ये आवाज तोडतंय. हा दोष नव्हे, त्याची रीतच तशी आहे. आणि काहीच बदललं नाही, वीसपर्यंत सगळं ऐकू आलं, तर पुढे वाचा.

पायरी २: माइक नखाने खरवडा

माझ्याकडे विचारायला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच सुटतो. डोक्यावर हेडसेट आहे, तुम्ही त्याचं बटण दाबताय, पण अ‍ॅप ऐकतंय लॅपटॉपच्या आतल्या माइकमधून. हेडसेट इमानदारीने म्यूट होतो, पण त्याचा माइक कुणी वापरतच नसतं.

पट्टीकडे बघत हेडसेटच्या माइकवर हलकेच नख घासा. मग लॅपटॉपच्या पडद्याच्या वरच्या कडेला किंवा कीबोर्डजवळ, जिथे बारीक भोकं दिसतात तिथे घासा. जिथे घासल्यावर पट्टी उसळी घेते, तो चालू माइक. हेच अ‍ॅपमध्येही करून बघा, कारण अ‍ॅपची निवड सिस्टिमपेक्षा वेगळी असू शकते. झूममध्ये ऑडिओच्या सेटिंगमध्ये माइकची चाचणी घेता येते, टीम्समध्ये टेस्ट कॉल करता येतो. माइक चुकीचा असेल तर तिथल्या यादीतून हेडसेट निवडा. हेडसेट काढून पुन्हा लावला की काही वेळा निवड परत लॅपटॉपवर जाते, म्हणून महत्त्वाच्या कॉलआधी ही नखाची परीक्षा पुन्हा घ्या. पाच सेकंद लागतात.

पायरी ३: बटण कुठल्या जातीचं?

*वायरवरचा सरकता स्विच.* ३.५ मिमीच्या पिनेच्या साध्या हेडसेटवर असतो. हा सरळ तारेतच माइक बंद करतो, त्यामुळे अ‍ॅपमध्ये काही दिसणार नाही. पिनेवर काळ्या रेघा मोजा. तीन रेघा, म्हणजे चार भाग असतील तर तिच्यात माइकही आहे. हेडसेटला एकच पिन असून तिच्यावर दोनच रेघा असतील तर ती फक्त ऐकायची पिन. डेस्कटॉपला गुलाबी आणि हिरवी अशी वेगळी भोकं असतील तर चार भागांच्या पिनेला स्प्लिटर, म्हणजे एका पिनेच्या दोन पिना करणारी छोटी वायर लागते. स्विच सरकवताना खरखर येत असेल तर आतले संपर्क मळलेत किंवा गंजलेत. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर हे हमखास होतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो. पिन काढून स्विचच्या फटीत एक फवारा मारा, स्विच वीस-पंचवीस वेळा पुढे-मागे करा आणि वाळू द्या. बिजागऱ्यांना मारायचं तेल इथे मारू नका, धूळ आणखी चिकटते. वायर हलवली की आवाज येतो-जातो असं असेल तर स्विच नव्हे, पिनेच्या मानेपाशी तार तुटली आहे.

*यूएसबी हेडसेट किंवा स्पीकरफोनचं बटण.* हे अ‍ॅपला 'म्यूट दाबलं' असा निरोप पाठवू शकतं. तो ऐकायची तयारी अ‍ॅपची हवी. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'सिंक बटन्स ऑन हेडसेट' असा पर्याय आहे, टीम्सच्या डिव्हाइसेसमध्ये 'सिंक डिव्हाइस बटन्स'. तो चालू आहे का बघा. मीट ब्राउझरमध्ये चालतं, आणि ब्राउझर परवानगीशिवाय अशा उपकरणाशी बोलत नाही. क्रोममध्ये मीटच्या ऑडिओ सेटिंगमधून हेडसेट एकदा जोडावा लागतो. ज्या तंत्रावर हे चालतं ते फायरफॉक्स आणि सफारी यांत नाही, त्यामुळे तिथे हेडसेटचं बटण आणि मीटचं चिन्ह जुळवायची खटपट करू नका. एकाच वेळी दोन मीटिंग-अ‍ॅप उघडी असतील तर एक बंद करा. निरोप कोण उचलेल याचा नेम नसतो.

*लॅपटॉपवरची कळ.* थिंकपॅडवर माइकची कळ एफ-४ वर आहे. इतरांवर कुठलीही असू शकते, रेघ मारलेला माइक शोधा. ही दुसरा नळ बंद करते, म्हणजे सिस्टिमचा. पुसता पुसता चुकून दाबली गेली की अ‍ॅपमध्ये सगळं आलबेल आणि आवाज मात्र गायब. कळ काहीच करत नसेल तर एफएन धरून दाबून बघा.

*टेबलावरचं स्वतंत्र बटण.* माझं याच जातीचं. संगणकाच्या दृष्टीने हा एक-दोन कळांचा कीबोर्ड. याला जरा जास्त वेळ द्यावा लागतो.

पायरी ४: टेबलावरच्या बटणाची तपासणी

आधी बटण संगणकापर्यंत पोचतंय का ते बघा. विंडोजमध्ये विंडोज + कंट्रोल + ओ दाबलं की पडद्यावर कीबोर्ड उघडतो. बटण दाबल्यावर त्यावरच्या कळा क्षणभर उजळतात. नाही उजळल्या तर केबलवर संशय घ्या. फोनच्या चार्जरबरोबर येणाऱ्या काही केबलींमध्ये फक्त विजेच्या तारा असतात, माहितीच्या नसतात. बटणाचा दिवा छान लागतो आणि निरोप मात्र जात नाही. यात लोकांचे तासन् तास गेलेले पाहिलेत. केबल बदला. हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर अनोळखी यूएसबी उपकरणं बंद केलेली असू शकतात. ते कुलूप आयटीवाल्यांनाच उघडू द्या.

कळा उजळल्या तर त्या बरोबर आहेत का बघा. झूममध्ये ऑल्ट + ए, मीटमध्ये कंट्रोल + डी, टीम्समध्ये कंट्रोल + शिफ्ट + एम. मॅकवर अनुक्रमे कमांड + शिफ्ट + ए, कमांड + डी आणि कमांड + शिफ्ट + एम. झूमसाठी लावलेलं बटण टीम्समध्ये चालणार नाही, हे उघड आहे, पण नोकरी बदलल्यावर हीच तक्रार घेऊन लोक येतात. टाइप करताना मराठी कीबोर्ड चालू राहिला असेल तर इंग्रजीवर आणून पुन्हा दाबा. ब्राउझरमधले काही शॉर्टकट कळ नव्हे, उमटणारं अक्षर बघतात.

आता माझा कुकरचा घोळ. कळांचा हुकूम ज्या खिडकीत तुम्ही काम करताय तिलाच जातो. झूममध्ये यावर सोपा उपाय आहे: सेटिंग्जमध्ये कीबोर्ड शॉर्टकट्स उघडा, म्यूटच्या ओळीसमोर 'एनेबल ग्लोबल शॉर्टकट'वर टिक करा. मग तुम्ही कुठेही असा, झूम ऐकतं. मॅक यासाठी सुरक्षेची परवानगी मागतो. प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत अ‍ॅपचं नाव चालू करा. बटणाबरोबर स्वतःचं सॉफ्टवेअर आलं असेल तर त्यालाही तीच परवानगी लागू शकते.

विंडोज ११ मध्ये विंडोज + ऑल्ट + के असा शॉर्टकट आहे. ज्या अ‍ॅपनी तो स्वीकारलाय त्यांचा माइक तो कुठूनही बंद करतो. तुमचं अ‍ॅप त्यात आहे का, एकदा दाबून बघा. असेल तर बटणाला हाच द्या. मीटसाठी मी शेवटी वेगळी वाट धरली: बटण सिस्टिमचा माइकच म्यूट करतं, मीटच्या वाटेला जात नाही. मीटमध्ये माइक उघडा दिसत राहतो, ते मी मनाशी धरून चालतो. पण एक्सेलमधले आकडे शाबूत राहतात.

एकदा दाबलं की दोनदा लागतं

म्यूट होतं आणि लगेच उघडतं, माइकचं चिन्ह नुसतं फडफडतं? आतला धातूचा संपर्क दाबताना काही मिलिसेकंद थरथरतो. चांगलं बटण ती थरथर दुर्लक्षित करतं. स्विच झिजला की थरथर लांबते आणि एक दाब दोन म्हणून मोजला जातो. विकतच्या बटणाचं फर्मवेअर, म्हणजे बटणाच्या आतला प्रोग्रॅम, अपडेट करून बघा, नाहीतर स्विच बदलून घ्या. रास्पबेरी पाय पिको किंवा प्रो मायक्रो अशा छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डवर घरी बनवलेलं असेल तर प्रोग्रॅममध्ये एक दाब मोजल्यावर पुढचे ३० ते ५० मिलिसेकंद काहीच मोजू नका. बोटाला तो उशीर जाणवतही नाही.

याउलट, बराच वेळ शांत बसल्यावर पहिला दाब वाया जात असेल तर विंडोज वीज वाचवायला यूएसबी झोपवतंय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब'च्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी टिक काढा. बॅटरी किंचित लवकर संपेल.

दिव्याचं काय?

लाल म्हणजे बंद, हिरवा म्हणजे चालू, असं खोक्यावर छापलेलं असतं. कीबोर्डच्या जातीच्या साध्या बटणाला मात्र माइकची स्थिती कळतच नाही. ते फक्त 'आहे त्याच्या उलट कर' एवढंच सांगतं आणि दिवा स्वतःच्या हिशेबाने बदलतं. तुम्ही मधेच माउसने म्यूट केलंत, किंवा यजमानाने सगळ्यांना म्यूट केलं, की हिशेब उलटा होतो. मग लाल दिव्यावर विसंबून तुम्ही साहेबांविषयी मनातलं बोलून बसता. जुळवायचं असेल तर माउसने माइक उघडा, बटणाचं सॉफ्टवेअर असेल तर त्यातही 'चालू' करा, आणि त्यानंतर फक्त बटणच वापरा.

मी ते नाद सोडलेत. दिव्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली आहे. बोलायच्या आधी पडद्यावर बघतो, आणि कुकर चढवलेला असेल तर झूममध्ये म्यूट राहून फक्त बोलताना स्पेसबार दाबून धरतो.