कुरणात बियाणं टाकण्याआधी मातीतलं बी तपासा

कोरड्या भागातलं कुरण उजाड झालं की लोक आधी बियाणं आणायला धावतात. माझं सांगणं एकच: मातीत काय उरलंय ते आधी बघा.

माती उन्हाळ्याच्या शेवटी, पहिल्या पावसाआधी घ्या. पाऊस पडला की बरंच बी उगवून जातं. वरची ५ सेंटिमीटर माती पुरे, त्याखाली फारसं बी नसतं. जागा मात्र भरपूर हव्यात. दोन-चार मोठे खड्डे खणण्यापेक्षा पन्नास ठिकाणी लहान डबा दाबून माती घेतलेली बरी, कारण बी सारखं पसरलेलं नसतं. वाऱ्याने ते झुडपाच्या बुडाशी, खुरांच्या ठशांत जाऊन साठतं, मधली टणक जमीन रिकामी राहते. म्हणून झुडपाखालची आणि उघड्यावरची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरा.

माती चाळा, पण चाळणीत राहिलेलं फेकण्याआधी निरखून बघा. कुसळी गवताचं बी लांब, पिळदार कुसळासकट तिथेच अडकतं. ते उचलून परत मातीत टाका.

पसरट ट्रेमध्ये भाजलेली वाळू, त्यावर ही माती जेमतेम १ सेंटिमीटर. थर जाड झाला की खालचं बी वर येत नाही. एका ट्रेमध्ये नुसती भाजलेली वाळू ठेवा. तिच्यात उगवलं ते बाहेरून आलेलं. झारीने हलकं पाणी द्या. रोप ओळखलं की मोजून उपटा, ओळखू येत नसेल तर कुंडीत लावून तुरा येईपर्यंत वाढवा. उगवण थांबली की माती सुकू द्या, ढवळा आणि पुन्हा भिजवा. सुप्त राहिलेलं काही बी तेव्हा उगवतं. कठीण सालीचं शेंगवर्गीय बी मात्र तरीही दडून राहू शकतं.

आता खरं काम. एकूण रोपांच्या आकड्यावर भाळू नका. ट्रे हिरवागार होईल आणि त्यात सगळी हंगामी तणंच असतील, असं हमखास होतं. बहुवार्षिक गवताचं बी मातीत सहसा फार काळ टिकत नाही, आणि सततच्या चराईने तुराच धरू दिला नाही तर नवं बी पडत नाही. जनावरांना खरा चारा तर तेच गवत देतं!

बहुवार्षिक गवताची रोपं बऱ्यापैकी निघाली तर बियाण्यावर खर्च करू नका. बी गळेपर्यंत चराई बंद ठेवा. एकही निघालं नाही आणि कुरणात जुनी ठोंबंही उरली नसतील, तर नुसती चराईबंदी पुरणार नाही. मग टणक पापुद्रा फोडून उथळ खळगे करा, त्यांत बी टाका आणि वर काटेरी फांद्या पसरा, म्हणजे बी वाऱ्याने उडत नाही आणि कोवळ्या रोपाला जनावराचं तोंड लागत नाही.