ट्रेकला निघण्याआधी बूट घासा
पावसाळी ट्रेकहून आल्यावर बूट सगळेच धुतात, पण खरी गरज निघण्याआधी असते. गाजर गवत या उपद्रवी परक्या तणाचं बी बारीक. तळव्याच्या खाचांतल्या चिखलात बसतं आणि थेट गडमाथ्यावर किंवा सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पोचतं. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलेलं हे गवत आज कुठे नाही ते सांगा! घरीच जुन्या टूथब्रशने खाचा घासा. मोज्यांचे काठ, पँटची दुमड, तंबूचा तळ आणि व्हेल्क्रोही बघा. व्हेल्क्रो सगळ्यात लबाड. निघालेली माती ओढ्यात किंवा कुंडीत टाकू नका, पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. एकाच दिवशी दोन गड असतील, तर पहिल्याच्या पायथ्याशीच ब्रश फिरवा. वाटेत हे गवत उपटायचंच असेल, तर फुलण्याआधी आणि हातमोजे घालून; अनेकांच्या अंगावर खाज उठते.