जास्वंदीच्या कळ्या भेकर खात असेल तर

परडं रानाला लागून असेल तर आधी तुटलेला देठ नीट बघा. भेकर म्हणजे रानातलं छोटं हरीण. त्याला वरच्या जबड्यात पुढचे कापणारे दात नसतात, त्यामुळे देठ ओरबाडून ओढल्यासारखा, धागे सुटलेला दिसतो. सुरीने कापल्यासारखा तिरका काप असेल, तर तो ससा.

भेकरावर अंड्याचं पाणी चांगलं चालतं. एक अंडं लिटरभर पाण्यात फेटून दोन दिवस झाकून ठेवा, फडक्यातून गाळा (नाहीतर फवाऱ्याचं नोझल तुंबतं) आणि संध्याकाळी कळ्या-पानांवर मारा. आपल्याला वास थोड्या वेळाने जाणवेनासा होतो, त्याला येत राहतो. पण सर आली की धुऊन जातं, म्हणून पावसाळ्यात यावर विसंबू नका. तेव्हा चिऱ्याच्या गडग्यावर काटेरी फांद्या रचून कुंपण पुरुषभर उंच करा. मासेमारीचं जुनं जाळं लावणार असाल तर ताणूनच बांधा. सैल जाळ्यात बिचाऱ्याचे पाय अडकतात.

फासकी (जनावर अडकवायचा फास) मात्र अजिबात नको. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि त्यात बिबट्याही सापडतो.

कडेला कण्हेर, तगर, सदाफुली लावा, त्यांच्या वाटेला भेकर सहसा जात नाही. जास्वंद घराजवळ, पडवीसमोर.