बुद्ध्यांकाचा आकडा ऐकून लोक काय समजतात? खानदेशातल्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग कसा करावा

मानसशास्त्राच्या प्रकल्पाला 'बुद्ध्यांक' हा विषय मिळाला की बरेच गट लोकांची बुद्धी मोजायला निघतात. ते करू नका. बुद्धिमापन चाचणी देणं हे प्रशिक्षित माणसाचं काम आहे, आणि ओट्यावर बसून एखाद्या पोराला सांगितलेला आकडा त्या घरातून सहजासहजी जात नाही. विचारण्यासारखा प्रश्न दुसराच आहे: बुद्ध्यांकाचा आकडा कानावर पडला की माणूस त्याचा अर्थ काय लावतो? जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही कॉलेजातल्या चार-पाच जणांना प्रयोगशाळेशिवाय हे शोधता येतं.

पायरी १. एकच गोष्ट बदला

समजा एका मुलाचा बुद्ध्यांक ९२ आला. दहावी-बारावीच्या निकालांची सवय झालेल्या कानाला हे ९२ टक्के वाटू शकतात. बुद्ध्यांक मात्र टक्केवारी नव्हे. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वेक्स्लर यांनी १९३९ साली आणलेल्या पद्धतीत त्या वयोगटाची सरासरी १०० धरतात आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप, १५. म्हणजे शंभरातले साधारण ६८ जण ८५ ते ११५ यांच्यामध्ये येतात. ९२ हा सरासरीच्या जरा खाली आहे, तरी ९० ते १०९ या 'साधारण' गटातच बसतो.

म्हणून दोन कागद तयार करा. दोन्हींवर मुलाची गोष्ट तीच, आकडाही तोच. फक्त 'ब' कागदावर एक ओळ जास्त: "या चाचणीत १०० म्हणजे त्या वयाच्या मुलांची सरासरी." ही ओळ असणं-नसणं हा तुमचा स्वतंत्र चल, म्हणजे तुम्ही मुद्दाम बदलता ती गोष्ट. लोक मुलाकडून किती अपेक्षा धरतात, हा परतंत्र चल, म्हणजे त्यामुळे बदलते का ते तुम्ही मोजता ती गोष्ट. अभ्युपगम, म्हणजे प्रयोगाआधीचा अंदाज, असा लिहा: खुलासा न वाचलेले लोक मुलाकडून जास्त अपेक्षा धरतील. कागद वाटण्याआधी तो वहीत तारखेसह लिहून सरांची किंवा मॅडमची सही घ्या. उत्तरं हातात आल्यावर अंदाज बदलायचा मोह फार होतो.

पायरी २. गोष्ट सपाट ठेवा

"सागर बारा वर्षांचा आहे. पाचोऱ्याजवळच्या एका गावात राहतो. वडिलांची कपाशीची शेती आहे. तो रोज शाळेत जातो. शाळेत झालेल्या बुद्धिमापन चाचणीत त्याचा बुद्ध्यांक ९२ आला." एवढं पुरे. तो बंद पंखा दुरुस्त करतो, वक्तृत्वात बक्षीस मिळवतो असं काही घातलंत, तर लोक पंख्यावरून मत बनवतील आणि आकडा बाजूला पडेल.

मग तीन प्रश्न, याच क्रमानं. सागर पदवीपर्यंत शिकेल याची किती खात्री वाटते, ० ते १०? ९२ हा आकडा कमी, साधारण की जास्त वाटला? आणि "माणसाचा बुद्ध्यांक जन्मभर तेवढाच राहतो", हे किती पटतं, १ ते ६? तिसऱ्या प्रश्नामागे मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांचं काम आहे: बुद्धी ठरलेली मानणारे आणि बुद्धी वाढते असं मानणारे लोक अपयशाकडे वेगवेगळ्या नजरेनं बघतात. तो शेवटीच विचारा. आधी विचारलात तर पहिल्या उत्तरावर त्याची सावली पडते.

पायरी ३. भाषा तपासा

कागद प्रमाण मराठीत ठेवून अमळनेर किंवा साक्रीच्या खेड्यात गेलात, तर काही जण बुद्धिमापन म्हणजे शाळेची परीक्षा समजतील. गटातल्या एकानं मजकूर अहिराणीत करावा, यावल-रावेरकडे जाणार असाल तर लेवा गणबोलीत. मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्यानं तो परत मराठीत आणावा. दोन्ही मराठी मजकूर शेजारी ठेवले की कुठे घसरलं ते लगेच दिसतं. त्यानंतर आठ-दहा ओळखीच्यांवर कागद वापरून बघा. त्यांची उत्तरं अंतिम हिशेबात धरू नका.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना वगळू नका. एकाच आवाजात दोन्ही मजकूर मोबाईलवर रेकॉर्ड करा, फाइलींना 'पळस' आणि 'कडुनिंब' अशी नावं द्या आणि इअरफोन लावून ऐकवा. कुठली फाइल कोणती हे विचारणाऱ्याला माहीत नसलं तर त्याच्या चेहऱ्यावरून किंवा सुरावरून उत्तर सुचवलं जाणार नाही. खात्री मोजायला समोर दहा चिंचोके ठेवा: पूर्ण खात्री असेल तर दहाही उचला, मुळीच नसेल तर एकही नको.

पायरी ४. कागदाची वाटणी नशिबावर सोडा

सकाळी 'अ', दुपारी 'ब' असं वाटू नका. सकाळी बस स्टँडवर नोकरदार भेटतात आणि दुपारी बाजारात शेतकरी, मग फरक खुलाशाचा की माणसांचा, हे सांगता येत नाही. सारख्या पाकिटांत दोन्ही कागद भरून गठ्ठा नीट पिसा आणि वरचं पाकीट उचलत जा. ठिकाण कुठलंही असो, दोन्ही कागद तिथेच मिसळलेले हवेत.

प्रत्येक गटात साधारण ६४ माणसं हवीत. मध्यम आकाराचा, म्हणजे प्रमाण विचलनाच्या साधारण अर्ध्याएवढा, फरक खरोखर असेल, तर तो ८० टक्के वेळा सापडण्यासाठी एवढी संख्या लागते. पाच जणांच्या गटात प्रत्येकाच्या वाट्याला सव्वीसेक येतात.

कापूस वेचणीच्या दिवसांत कुणाला वेळ नसतो, आणि एप्रिल-मेच्या दुपारी भुसावळच्या उन्हात कुणाला उभं करणं बरं नाही. संक्रांतीनंतरचे आठवडे उत्तम. पारावर चार जण बसले असतील तर एकेकाला बाजूला घ्या, कारण आप्पांनी "आठ" म्हटलं की बाकीचेही आठच म्हणतात. घरातल्या बायकांशी मुलींनी बोलावं, नाहीतर दारातून घरचे पुरुषच उत्तर देतात.

फक्त १८ वर्षांवरची माणसं घ्या. आधी संमती विचारा, आणि मधेच थांबायचं असेल तर थांबू द्या. नाव आणि मोबाईल नंबर लिहू नका.

पायरी ५. निघण्याआधी खुलासा करा

ही पायरी घाईत उरकू नका. तुम्ही त्या माणसासमोर एक आकडा ठेवला आहे, आणि त्याच्या घरातही एखादा सागर असू शकतो. सांगा, की सागर काल्पनिक आहे, बुद्ध्यांक टक्केवारी नाही आणि ९२ हा साधारण गटातलाच आकडा आहे. 'ब' कागद वाचलेल्यांना हे जास्त जपून सांगा, कारण "सरासरी १००" ऐकून ९२ म्हणजे मंद, असा समज झालेला असू शकतो.

हेही सांगा, की फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेद बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये सहकारी सिमों यांच्याबरोबर बुद्धिमापनाची चाचणी तयार केली ती शाळेत जादा मदत लागणारी मुलं ओळखण्यासाठी. बुद्धी वाढूच शकत नाही, या मताला बिने यांचा स्वतःचाच विरोध होता. चाचणीच्या भाषेनंही आकडा बदलतो. म्हणूनच डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्यानं बसवली. घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या, नंदुरबारमधल्या अक्राणीच्या मुलाला फक्त मराठीत प्रश्न विचारले, तर त्याचं मराठीही त्यात मोजलं जातं.

पायरी ६. हिशेब

दोन्ही गटांचं मध्यमान (सरासरी) आणि प्रमाण विचलन काढा, मग टी-चाचणी, म्हणजे दोन सरासऱ्यांतला फरक निव्वळ योगायोगाचा असेल का हे तपासणारं गणित. मोबाईलवरच्या स्प्रेडशीटमध्येही होते. नमुन्यादाखल: 'अ' चं मध्यमान ६.९, 'ब' चं ६.०, दोन्हींचं विचलन १.५ आणि प्रत्येकी ६४ माणसं असतील तर टी साधारण ३.४ येतो. ५ टक्के पातळीला १.९८ लागतो, म्हणजे फरक सार्थक, निव्वळ योगायोगाचा वाटत नाही इतका. फरकाला विचलनानं भागलं की ०.६ मिळतं. हा परिणामाचा आकारही लिहा, कारण सार्थक असूनही फरक अगदी लहान असू शकतो.

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं वेगळ्या तक्त्यात मांडा. 'अ' गटातल्या किती जणांना ९२ 'जास्त' वाटला, यावरून टक्केवारीचा गैरसमज खरोखर होता की नाही ते कळेल. फरक आलाच नाही तर प्रकल्पाच्या जर्नलमध्ये तसंच लिहा, एकही पाकीट न गाळता. ज्या गावांत गेला होतात, तिथल्या वाचनालयात अर्ध्या पानाचा निकाल लावा, जमलं तर अहिराणीतही.