यीस्ट कमी घाला, वेळ जास्त द्या

पाव जड झाला, नीट फुगला नाही, की बहुतेक जण पुढच्या वेळी यीस्ट वाढवतात. मी नेमकं उलट सांगेन: यीस्ट निम्म्याहून कमी करा आणि पिठाला रात्रभर वेळ द्या. माझं काम सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत यीस्ट वाढवण्याचं आहे, आणि सुट्टीला घरी मी पाव भाजते. (प्रयोगशाळेतलं यीस्ट स्वयंपाकघरात आणायचं नाही, हा नियम पक्का. घरी पाकिटातलंच.) दोन्हीकडे माझ्या हातात सगळ्यात आधी थर्मामीटर येतो. यीस्टच्या बाबतीत आधी तापमान बघायचं, मग वेळ, आणि किती चमचे घालायचं हे त्यानंतर.

पाकिटातला प्रत्येक दाणा म्हणजे असंख्य सुकलेल्या पेशींचा गोळा. नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, कूळ बुरशीचं, एकेका पेशीचा आकार साधारण ५ ते १० मायक्रोमीटर. साखर मिळाली की ही पेशी तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करते. हिशोब सरळ आहे: १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण आंबलं तर ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू. पुस्तकात बहुधा ‘ऑक्सिजन नसताना’ असं लिहिलेलं असतं, पण साखर भरपूर असली तर हे यीस्ट ऑक्सिजन असूनही आंबवतच राहतं. म्हणून पीठ मळताना त्यात हवा गेली तरी काही बिघडत नाही. उलट बरंच होतं, कारण मळताना अडकलेले हवेचे बारीक बुडबुडेच पुढे वायूने फुगतात. यीस्ट नवे बुडबुडे तयार करत नाही, असलेले मोठे करते.

आधी यीस्ट जिवंत आहे का ते बघा

बाजारात तीन प्रकार मिळतात. ताजं यीस्ट ओलसर, भुसभुशीत वडीच्या रूपात येतं आणि फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडेच टिकतं. ॲक्टिव्ह ड्राय यीस्टचे दाणे जाडसर असतात, ते आधी पाण्यात भिजवावे लागतात. इन्स्टंट यीस्ट बारीक असतं आणि थेट पिठात मिसळता येतं. १० ग्रॅम ताज्याच्या जागी ४ ग्रॅम ॲक्टिव्ह ड्राय किंवा ३ ग्रॅमच्या थोडं वर इन्स्टंट, हे गणित लक्षात ठेवलं की कुठलीही कृती कुठल्याही यीस्टने करता येते.

यीस्ट तपासायला १०० मिली पाणी ३८ ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत कोमट करा. त्यात एक छोटा चमचा साखर आणि एक छोटा चमचा ड्राय यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवून द्या. वर जाड, मऊ फेस जमला की यीस्ट चांगलं. तुरळक बुडबुडे आले तर बऱ्याच पेशी मेलेल्या आहेत, आणि अशा यीस्टचं प्रमाण वाढवून वेळ मारून नेऊ नये, नवं पाकीट आणावं. या पाण्यात मीठ घालायचं नाही.

पाणी कोमटच का, गार का नको? सुकलेल्या पेशीचं आवरण आकसलेलं असतं. पाणी शोषून ते पूर्ववत होईपर्यंत पेशीतला ऐवज बाहेर झिरपतो, आणि गार पाण्यात हे झिरपणं फार वाढतं. त्यात ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ असतो, तो ग्लुटेनचे (पिठाला ताण देणाऱ्या गव्हातल्या प्रथिनाचे) बंध सैल करतो. म्हणजे पेशीही कमकुवत झाल्या आणि पीठही ढिलं, चिकट झालं. हे ॲक्टिव्ह ड्रायला जास्त लागू. दुसऱ्या टोकाला, पाणी ५५-६० अंशांवर गेलं की पेशी मरतात. बोटाला ‘गरम आहे पण सोसतंय’ असं वाटणारं पाणी पन्नाशीच्या जवळ गेलेलं असू शकतं, म्हणून बोटावर विसंबू नका. साधा थर्मामीटर वापरा.

रात्रभराचं पीठ

५०० ग्रॅम मैदा, ३२५ ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ आणि १ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, म्हणजे छोट्या चमच्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. नेहमीच्या कृतींत याच मैद्याला ५ ते ७ ग्रॅम सांगतात. तेवढ्याने पीठ दीड तासात फुगतं खरं, पण चवीला लागणारा वेळ मिळत नाही. पिठातली विकरं (एन्झाइम) स्टार्च तोडून माल्टोज नावाची साखर बनवतात, त्यावर यीस्ट जगतं आणि उरलेल्या साखरेने पावाची कड तांबूस होते. सुवासाची द्रव्यं आणि थोडी आम्लं हळूहळू साठतात. हे सगळं तासांचं काम आहे. घाईच्या पावाला जो कच्चा यीस्टचा वास येतो, तो मला सहन होत नाही.

मळून झाल्यावर पीठ २४ अंशांच्या आसपास असावं. त्यासाठी माझा हिशोब असा: ४८ मधून मैद्याचं तापमान वजा करा, जे उरेल तेवढ्या तापमानाचं पाणी घ्या. मैदा २८ अंश असेल तर पाणी २० अंश. हाताने मळताना थोडी उष्णता येते, तीही यात धरली जाते. इन्स्टंट यीस्ट मैद्यात आधी नीट मिसळून मग हे पाणी घातलं तर ते गार असलं तरी चालतं. ॲक्टिव्ह ड्राय वापरत असाल तर ते मात्र दोन-तीन चमचे कोमट पाण्यात वेगळं भिजवून घ्या.

आता भांडं झाकून ठेवा. २४ अंशांना आठ ते बारा तास लागतात. खोली उबदार असेल तर वेळ झपाट्याने कमी होतो: यीस्टला मानवणाऱ्या तापमानाच्या पट्ट्यात ८-१० अंश वाढले की वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून कृतीतल्या तासांवर विश्वास ठेवू नका, ते कृती लिहिणाऱ्याच्या खोलीतले असतात.

मग बघायचं कशावरून? पीठ मळून झालं की लिंबाएवढा गोळा काढून सरळ कडांच्या काचेच्या लहान ग्लासात दाबून बसवा आणि त्याच्या पातळीवर रबरबँड लावा. ग्लास मोठ्या भांड्याशेजारीच ठेवा. मोठ्या घेरदार भांड्यात पीठ दुप्पट झालं की दीडपट हे डोळ्यांना सांगता येत नाही. ग्लासात ते स्पष्ट दिसतं, आणि काचेतून बुडबुडेही दिसतात: सुरुवातीला खसखशीएवढे, मग मोहरीएवढे, शेवटी कडेला लांबट झालेले. पीठ दुप्पट झालं आणि वरचा भाग अजून गोलसर फुगीर आहे, ही योग्य वेळ. वरचा भाग सपाट होऊन मध्ये खचायला लागला तर उशीर झाला. ही युक्ती तुम्ही एकदा वापरलीत तर घड्याळ बघायचं आपोआप सोडून द्याल, याची मला खात्री आहे.

सकाळी पीठ हलक्या हाताने काढून घडी घाला, आकार द्या आणि तास-दीड तास पुन्हा ठेवा. ओल्या बोटाने दाबल्यावर खड्डा हळूहळू, अर्धवट भरून आला की ओव्हनमध्ये घाला. २३० अंश, आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं वाफ. त्या मिनिटांत वायू तापून प्रसरण पावतो, यीस्ट मरण्याआधी वेग घेतं, अल्कोहोलची वाफ होते, आणि पाव उठतो. आतलं तापमान ९५ अंशांच्या वर गेलं की पाव झाला.

वेळ जमत नसेल तर मळलेलं पीठ तासभर बाहेर ठेवून फ्रिजमध्ये टाका. ४ अंशांना यीस्ट जवळजवळ थांबतं, विकरं मात्र सावकाश काम करत राहतात. दोन दिवसांपर्यंत काही बिघडत नाही.

गोड पावाची एक अडचण आहे. मैद्याच्या दहा टक्क्यांहून जास्त साखर झाली की ती पेशीतलं पाणी ओढून घेते आणि फुगणं मंदावतं. तिथे मी यीस्ट वाढवायला हरकत घेत नाही. दालचिनीही यीस्टला रोखते, ती पिठात न घालता सारणात घाला.

बाटलीत

बाटलीतही तीच पेशी काम करते, आपल्याला हवं ते मात्र बदलतं. पावात वायू धरून ठेवायचा आणि अल्कोहोल उडून जाऊ द्यायचं, इथे वायू सोडायचा आणि अल्कोहोल ठेवायचं. घरी मद्य करण्याचे कायदे ठिकठिकाणी वेगळे असतात, ते आधी पाहून घ्या.

शिकायला सफरचंदाचा रस उत्तम. पाकिटावर सोडियम बेंझोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेट लिहिलेलं असेल तर तो घेऊ नका, ते यीस्टला रोखायलाच घातलेलं असतं. बाटली निर्जंतुक करा, वर चतुर्थांश जागा मोकळी ठेवा, लिटरला १ ग्रॅम यीस्ट घाला आणि तोंडाला एअरलॉक (वायू बाहेर सोडणारं, पण हवा आत न घेणारं बूच) लावा. झाकण घट्ट लावायचं नाही, हे मी निक्षून सांगते. एका लिटर रसात १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते, ती पूर्ण आंबली तर पंचवीस लिटरच्या जवळपास वायू निघतो. बंद काचेच्या बाटलीचा त्याने स्फोट होतो, आणि काच अंगात घुसते.

हायड्रोमीटरने (द्रवात तरंगवून घनता दाखवणाऱ्या काचेच्या नळीने) सुरुवातीला घनता मोजा, पाण्याची १.००० धरून. रसाची बहुधा १.०५० च्या आसपास येते, एक ते तीन आठवड्यांनी १.००० पर्यंत उतरते. फरकाला १३१ ने गुणा: साडेसहा टक्के अल्कोहोल. इथेही १८-२० अंशांची सावकाश चाल बरी. फार उबेत यीस्ट जड अल्कोहोलं जास्त बनवतं, मग घशाला झोंबतं. लागर बिअरचं यीस्ट तर ७ ते १३ अंशांतच काम करतं. ते संकरित आहे, सॅकरोमायसिस पास्टोरियॅनस. त्याचा थंडी सोसणारा एक पूर्वज बरेच दिवस सापडत नव्हता. २०११ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या पॅटागोनियाच्या जंगलातल्या झाडांवर त्याचा माग लागला.

सूक्ष्मदर्शकाखाली

शाळेतला ४०० पट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक मिळाला तर ही संधी सोडू नका. फेस आलेल्या पाण्याचा एक थेंब आणि ०.१ टक्का मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा एक थेंब काचपट्टीवर मिसळा, वर आच्छादक काच ठेवा आणि पाच मिनिटांत बघा. मेलेल्या पेशी निळ्या दिसतात. जिवंत पेशी तो रंग रंगहीन करून टाकतात, म्हणून त्या स्वच्छ राहतात. शंभर पेशी मोजा, निळ्या किती ते लिहा: पाकिटाची खरी अवस्था कळली.

मग स्वच्छ पेशींकडे नीट बघा. काहींच्या कडेला ठिपक्याएवढी कळी असते, काहींची कळी आईच्या निम्मी, काहींची जवळजवळ तेवढीच. हे मुकुलायन. पोषण भरपूर आणि ३० अंश तापमान असेल तर दीड-दोन तासांत एकीच्या दोन होतात. कळीच्या आकारावरून पेशी विभाजनाच्या कुठल्या टप्प्यावर आहे हे ओळखता येतं, आणि नेमकं हेच अमेरिकन शास्त्रज्ञ लीलँड हार्टवेल यांनी वापरलं. त्यांनी २३ अंशांना नीट वाढणारी, पण ३६ अंशांना विभाजनात अडकणारी यीस्टची उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेली) वाणं शोधली. तापमान चढवायचं आणि पेशी कळीच्या कुठल्या आकारावर थांबतात ते बघायचं. त्यातून विभाजन चालवणारी जनुकं सापडली, आणि त्यांतल्या अनेकांची भावंडं माणसाच्या पेशीतही आहेत. २००१ चं नोबेल त्यांना पॉल नर्स आणि टिम हंट यांच्यासोबत मिळालं. इतकं साधं साधन आणि इतका मोठा शोध, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

त्याआधी १८९७ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून पिळलं. त्या पेशीविरहित रसात साखर घातल्यावर बुडबुडे आले. किण्वनाला, म्हणजे आंबण्याला, जिवंत पेशीच लागते, असं लुई पाश्चर मानत होते. बुखनरांच्या रसाने दाखवलं की काम विकरं करतात. १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठीच. १९९६ मध्ये केंद्रक असलेल्या सजीवांपैकी पहिला पूर्ण जनुकसंच वाचला गेला तोही याच यीस्टचा: १६ गुणसूत्रं, सुमारे ६,००० जनुकं. आणि १९८६ पासून हिपॅटायटिस बी ची लस यीस्टकडून प्रथिन बनवून घेऊन तयार होते.

मोजणी झाल्यावर राहिलेलं पाकीट हवाबंद डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि डब्यावर उघडल्याची तारीख लिहा. वापरताना लागेल तेवढंच काढून डबा लगेच आत ठेवायचा, नाहीतर गार दाण्यांवर हवेतली ओल धरते. चार-सहा महिन्यांनी वर सांगितलेली कोमट पाण्याची चाचणी पुन्हा करा.