मेंदूज्वरात अँटिबायोटिक देताना या चुका टाळा

खानापूर, निपाणी, चिकोडीकडनं बेळगावला आमच्याकडं येणाऱ्या रेफरच्या चिठ्ठ्या वाचून वैताग आलाय म्हणून लिहितोय. बऱ्याचदा औषधाचं नाव बरोबर असतंय, पण ते सीएसएफमध्ये, म्हणजे मेंदू-मणक्याभोवतीच्या पाण्यात, पोचतंय का हे बघतंय कोण?

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे पेशंट सुधारला की डोस कमी करणे. खानापूरकडचा एक तरुण पोरगा, आधी दुसरीकडं ऍडमिट होता, कल्चरला (जंतू वाढवून बघायची तपासणी) न्यूमोकॉकस जंतू, सेफ्ट्रियाक्सोन या अँटिबायोटिकला सेन्सिटिव्ह, म्हणजे त्यानं मरणारा. सुरुवात झकास, 2 ग्रॅम दर 12 तासांनी. ताप उतरला, पोरगं उठून बसून चहा मागायला लागलं, आणि तिथं कुणीतरी खर्च वाचवायला 1 ग्रॅम दिवसातनं एकदाच केलं, मग सेफिक्सीमच्या गोळ्या बांधून घरी. परत ताप, परत झटके, आमच्याकडं आणला तेव्हा हाकेला डोळे उघडत नव्हता. बाप पिशवीतली फाईल पुढं करून म्हणतोय, "काय ओ डॉक्टर, बरा झालता की!" झालता मामा, घोटाळा तिथंच झाला.

रक्त आणि मेंदूमधली भिंत पेनिसिलिन, सेफ्ट्रियाक्सोनला सहजासहजी आत सोडत नाही. सूज असली की तिच्यात फटी पडतात म्हणून औषध शिरतंय, सूज उतरली की फटी बुजतात. म्हणजे पेशंट बरा दिसायला लागला की औषध आत कमी जातंय आणि आपण नेमका तेव्हाच डोस कापतोय! त्यात सीएसएफमध्ये अँटिबॉडी, कॉम्प्लिमेंट हे जंतूंशी लढणारे रक्तातले घटक फारसे नसतात, जंतू मारायचं काम एकट्या औषधावर. म्हणून शेवटपर्यंत फुल डोस, शिरेतनंच, न्यूमोकॉकसला 10 ते 14 दिवस, मेनिंगोकॉकस या दुसऱ्या जंतूला 7. मी पहिल्याच दिवशी केसपेपरवर लाल पेनानं लिहितो, "डोस कमी करू नये". सिस्टर हसतात, हसू देत.

दुसरं, लॅबच्या रिपोर्टवर 'सेन्सिटिव्ह' दिसलं की उडी मारणारी नवीन पोरं. अमिकासिन, जेंटामायसिन शिरेतनं दिलं तर सीएसएफमध्ये जेमतेम पोचतंय, सेफाझोलिन, क्लिंडामायसिनचंही तेच. पिपरासिलिन-टाझोबॅक्टममधला टाझोबॅक्टम तर बाहेरच रेंगाळतोय, त्यापेक्षा मेरोपेनेम 2 ग्रॅम दर 8 तासांनी (किडनी बिघडली असेल तर हिशेब वेगळा). याच्या उलट मेट्रोनिडाझोल आत मस्त जातंय, पण म्हणून ते न्यूमोकॉकसवर चालत नाही, हेपण सांगायला लागतंय!

पन्नाशीच्या पुढचा पेशंट किंवा गरोदर बाई असेल तर अँपिसिलिन जोडा. अशांना होणाऱ्या लिस्टेरिया जंतूवर सेफ्ट्रियाक्सोन कितीही ओता, उपयोग शून्य.

डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं स्टिरॉइड) अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी किंवा सोबत. सूज उतरते तसं व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक आत कमी जातंय, तेव्हा व्हँको अंदाजपंचे नको, रक्तातली लेव्हल करा.

आणि सीएसएफ तपासायला पाठीतनं काढायचं म्हटलं की "पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतोय" म्हणून नातेवाईक कॉरिडॉरमध्ये कोल्हापूरच्या पाहुण्यांना फोन लावत बसतात. बसू देत, समजावत राहा, पण तोवर ब्लड कल्चर घेऊन पहिला डोस देऊन टाका. बेळगावला पाठवणार असाल तरी तो देऊनच गाडीत घाला, आणि चिठ्ठीवर किती वाजता दिला ते लिहा, नुसतं 'इंजेक्शन दिले' नको.